मालक, हिशेब कुणाला दाखवायचाय?

हिशेबाचं सोपं सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न राधानगरीच्या बाजारात नुसता तोंडातून काढून बघा. कोल्हापूरचे सीए म्हणतील, टॅली घ्या, आमच्या सगळ्या पार्ट्यांचं टॅलीच आहे. बी.कॉम. झालेला भाचा म्हणेल, "मामा, टॅली कशाला? मोबाईलवर ॲप टाकून देतो, फुकट हाय." पुण्याचे जावईबापू झोहोचं नाव काढतील आणि त्याचे संस्थापक तमिळनाडूत खेड्यात राहतात, हे असं सांगतील की जणू कालच त्यांच्याकडे जेवून आले. संगणक क्लासवाले सांगतील, एक्सेलमध्ये सगळं होतं. एक्सेलमध्ये सगळं होतं हे खरंच आहे. एक्सेल फार सज्जन, काहीही लिहा, तो हो म्हणतो.

या सगळ्या सल्लागारांत एक गोष्ट समान आहे. यांतला कुणीही संध्याकाळी सहा ते आठ काउंटरमागे उभा राहिलेला नसतो.

मालक सगळ्यांचं ऐकून घेतात, चहा पाजतात, आणि माणसं पांगली की गल्ल्याखालची लाल वही काढून लिहितात : 'पाटील, साखर २ किलो, बाकी.' कुठले पाटील? मालकांना माहीत आहे. भाव काय लावला? तोही माहीत आहे. तारीख? पान उलटून बघा, वर कुठंतरी असेल. सुरक्षिततेच्या बाबतीत या वहीचा हात कुणी धरणार नाही. हॅकरच्या हातात दिली तरी त्याला एक रुपया वसूल करता येणार नाही. अडचण एवढीच, की उद्या गादीवर बसणाऱ्या मालकांच्या मुलालाही येणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं. घ्या. पण कुठलं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की मालक, हिशेब कुणाला दाखवायचाय?

कारण दुकान एक असलं तरी हिशेब तीन असतात. बँकेला दाखवायचा हिशेब अंगानं भरलेला, गालावर लाली, मुद्रा कर्जाच्या फाइलला जोडण्यासाठी खास पोसलेला. कर खात्याला दाखवायचा हिशेब अशक्त, उभा राहिला तरी धाप लागते. आणि घरात दाखवायचा हिशेब एका ओळीत संपतो, "यंदा धंदाच न्हाई." चौथा, म्हणजे खरा हिशेब मालकांच्या डोक्यात असतो, आणि रात्री अकराला शटर ओढल्यावर तोही झोपी जातो.

त्यामुळे विक्रेता दुकानात आला की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "यात मागची तारीख टाकता येते नव्हं?" दुसरा, "केलेलं बिल उडवता येतं?" विक्रेता छाती फुगवून म्हणतो, येतं की! आणि सॉफ्टवेअर 'सोपं' ठरतं.

आता गंमत बघा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते : कुठली नोंद, कधी बदलली, काय बदललं. आणि ही सोय बंद करता येत नाही. एकट्या मालकीच्या किराणा दुकानाला ही सक्ती नाही. म्हणजे सरकारनं मालकांवर विश्वास टाकलाय. सरकारनं टाकलेला विश्वास मालक स्वतःवर टाकायला तयार आहेत का, हे मात्र अजून कळायचंय. तयार असतील, तर बदलाची नोंद ठेवण्याची सोय सक्ती नसतानाही सुरू करावी. हाताखालच्या पोरानं काय फिरवलं ते कळतं. आपण काय फिरवलं होतं, तेही तीन महिन्यांनी आठवतं.

टॅलीला नावं ठेवणाऱ्या भाच्यानं एक गोष्ट ऐकावी. टॅली जन्मली ती अशाच एका मालकांच्या वैतागातून. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवत. त्यांना हिशेबाचं धड सॉफ्टवेअर मिळेना. त्या काळच्या पॅकेजांत प्रत्येक खात्याला कोड असायचा, आणि व्यापारी माणूस गिऱ्हाइकाला नावानं ओळखतो, कोडानं नव्हे. मग मुलानं, भरत गोएंकांनी, १९८६च्या सुमारास वडिलांसाठी बिनकोडाचं सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे २०२० मध्ये भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली. बापाच्या दुकानातली अडचण सोडवून पद्मश्री मिळते, हे भाच्यांनी लक्षात ठेवावं. मामाच्या मोबाईलवर नुसतं ॲप टाकून अजून कुणाला मिळालेली नाही.

पण त्याच टॅलीचं आज काय झालंय? मालकांनी ती विकत घेतलेली असते, वापरते मात्र क्लास केलेली पोरगी, जी आठवड्यातून दोनदा येते. एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी, हे तिला पाठ. मालकांना चालू करायचं बटण पाठ. मग ती बाळंतपणाला माहेरी गेली की दुकानाचा ताळेबंदही तिच्याबरोबर माहेरी जातो. वीस हजारांच्या पुढे पैसे मोजून आणलेलं सॉफ्टवेअर मालकांनी स्वतः कधी उघडलेलंच नाही. याला सॉफ्टवेअर वापरणं म्हणत नाहीत, याला सॉफ्टवेअर पाळणं म्हणतात.

विक्रेत्याचं प्रात्यक्षिक हा आणखी बघण्यासारखा प्रकार. तो दाखवतो ई-इन्व्हॉइस. ते बंधनकारक आहे पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. तो दाखवतो सात शाखांचा एकत्रित ताळेबंद. शाखा एक, आणि तीही मागच्या खोलीत पोती ठेवतात म्हणून. तो दाखवतो परकीय चलन. दुकानातला माल फार तर फोंडा घाट उतरून कणकवलीला जातो. तिथं अजून रुपयाच चालतो. माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते. तिथं व्यापाऱ्यानं एक टक्का कर तिमाहीनं भरायचा, वर्षाचं एक विवरणपत्र द्यायचं, आणि गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचाच नाही. अशा दुकानाला चौदा रकान्यांचं कर-बिल काढणारं यंत्र विकणं म्हणजे विक्रेत्याची कमाल, आणि ते घेणं म्हणजे मालकांची.

तेव्हा आधी आपण कुठल्या खणात बसतो ते सीएंना विचारा. सीए म्हणजे टॅलीचे वितरक नव्हेत, हे त्यांनाही अधूनमधून आठवलेलं बरं.

"मग आम्हाला नोंदणीच नाही, तर हिशेब कशाला?" असा पुढचा सवाल येतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते निपाणीला जाऊन विचारा. तिथल्या कर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या बेरजा काढल्या आणि चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले यांच्या हातात नोटिसा पडल्या. लगेच बंगळुरूत दुकानांवर पाट्या लागल्या, 'यूपीआय नाही, फक्त रोख'. कॅमेऱ्यानं फोटो वाईट काढला म्हणून कॅमेरा फोडावा, तसा प्रकार.

खरा धडा वेगळाच आहे. खात्यावर आलेला प्रत्येक रुपया बेरीज करणाऱ्याला विक्रीच वाटतो. आता आपल्याकडचा क्यूआर कोड आठवा. दुकानाच्या एकाच क्यूआरवर साखरेचे पैसे येतात, भिशीचे येतात, मेव्हण्यानं परत केलेले उसने येतात, आणि भाद्रपदात मंडळाची वर्गणीही येते. स्पीकर सगळ्यांना एकाच आवाजात 'प्राप्त झाले' म्हणून सांगतो. गणपतीची वर्गणी आपली उलाढाल नव्हती, हे उद्या सिद्ध कुणी करायचं? गणपती साक्षीला येणार नाही. रोजची नोंद येईल. म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, दुकानाचं बँक खातं वेगळं आणि वर्गणीचा क्यूआर वेगळा, हे आधी. त्याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला हे संगणकाचं झेपायचं नाही. हे वाक्य ज्याला म्हणायचं असेल त्यानं पहाटे गावातल्या दूध संस्थेत जाऊन उभं राहावं आणि मग म्हणावं. राधानगरी तालुक्यात गावोगावी वर्षानुवर्षं हिशेबाचं सॉफ्टवेअर चाललंय आणि त्याला सॉफ्टवेअर म्हणतात हे कुणाच्या गावीही नाही. बाई किटली घेऊन येते. दूध काट्यावर, नमुना फॅट मशीनमध्ये, आणि हातात चिठ्ठी : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. ज्या आजींना ॲप म्हणजे काय ते सांगता येणार नाही, त्या फॅटचा दशांश घसरला तर सचिवांना तिथंच उभं करतात. "काल सहा पाच लागली हुती, आज सहा एक कशी? म्हस तीच हाय, वैरण तीच हाय!" दहा दिवसांनी दूध बिल. त्यातून पशुखाद्याचे पैसे वजा, उचल वजा, उरलेले खात्यावर. तंटा होतो, पण तो आकड्यांवर होतो, आठवणीवर होत नाही.

ही यंत्रणा कशामुळे सोपी आहे ते बघा. एक, तिच्यात एकच काम होतं. दोन, आकडा माणूस टाकत नाही, काटा टाकतो. तीन, चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात तिथल्या तिथं पडते, म्हणजे दोन्ही बाजूंकडं हिशेब. चार, मिटवायची तारीख ठरलेली. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची : हिशेब ज्याचा आहे, तोच तपासतो. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो. आजी दिवसातून दोनदा येतात.

दिल्लीलाही हे उशिरा का होईना पटलं. जून २०२२ मध्ये केंद्रानं ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च धरला २,५१६ कोटी. देशातल्या सोसायट्यांना एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं, हा उद्देश. सोसायटीचा हिशेब संगणकावर, दुधाचा हिशेब संगणकावर, उसाचं वजन संगणकावर. गावात आता संगणकाबाहेर राहिलेला एकच हिशेब, तो किराणा दुकानातल्या उधारीचा. आणि बाकीचे तिन्ही पैसे शेवटी येतात तिथंच.

उधारी हाच खरा पेपर. उरलेलं सगळं तोंडी परीक्षेसारखं.

फुकटच्या उधारी-ॲपांची मेख इथं आहे. खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारखी ॲप २०१७-१९च्या सुमारास आली आणि त्यांनी लाल वही मोबाईलमध्ये नेली. चांगलंच झालं. नाव घाला, रक्कम घाला, लाल म्हणजे येणं, हिरवं म्हणजे आलं. पण ॲप बनवणाऱ्याला वाटतं, उधारी म्हणजे तीस दिवस. राधानगरीत तीस दिवसांचा महिना फक्त कॅलेंडरवर असतो. इथं एक गिऱ्हाईक दूध बिलावर, दुसरं ऊस बिलावर, तिसरं मुंबईहून पोराचे पैसे आल्यावर, आणि चौथं 'बघू'वर. ऊस कारखान्याला पोचल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हा आदेश कारखान्याला पाळायला कधी उशीर झाला की तो उशीर ट्रॉलीत बसून थेट किराणा दुकानात येतो. मालक कारखान्याचे सभासद नसले तरी कारखान्याला बिनव्याजी कर्ज देणारे सावकार असतात, फक्त ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

अशात ॲप आपणहून आठवणीचा मेसेज पाठवतं. 'आदरणीय ग्राहक, आपल्याकडे ३,४५० रुपये बाकी आहेत.' मेसेज जातो भावकीतल्या थोरल्या काकांना, आणि तोही साखरपुड्याच्या दिवशी. काका त्याच संध्याकाळी पैसे आणून टाकतात, पाचशेच्या सात नोटा, सुटे पन्नाससुद्धा मागत नाहीत. नंतर सहा महिने पलीकडच्या दुकानातून माल नेतात. ॲपच्या नोंदीप्रमाणे वसुली शंभर टक्के. असं यश चार घरांत मिळालं की दुकान बंद करायला हरकत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना हे विचारा : मुदत माणसागणिक वेगळी घालता येते का? मेसेज मी म्हटल्याशिवाय जाणार नाही अशी सोय आहे का? आणि एकाच नावाचे पाच पाटील ओळखता येतात का? टाकीजवळचे पाटील, डेअरीचे पाटील, दाजीपूरला गवा अंगावर आलेले पाटील. टोपणनावाचा रकाना नसलेलं सॉफ्टवेअर आपल्या तालुक्यात चालत नाही, मग ते कुठल्याही शहरातून आलेलं असो.

मेसेज सोडल्यास उधारी-ॲपला आणखी एक मर्यादा आहे. त्याला 'कोणाकडं किती' कळतं, 'माझ्याकडं किती उरलं' कळत नाही. जुन्या दिवाणजींकडं दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार तारखेनं यायचा, खतावणीत तोच व्यवहार माणसाच्या नावावर चढायचा. पैसा कुठून आला आणि कुठं गेला, दोन्ही लिहायचं. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या इटालियन पाद्र्यानं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हीच रीत छापून काढली, आणि आजची टॅली, झोहो, फुकटचं ग्नूकॅश, सगळी त्याच पाद्र्याची नातवंडं. सॉफ्टवेअरनं खरं काम एकच वाचवलं : कीर्द तुम्ही लिहायची, खतावणी ते आपोआप चढवतं. पण कीर्द लिहावीच लागते. जे कीर्द लिहीत नव्हते त्यांनी सॉफ्टवेअर घेतल्यानं झालेला फरक एवढाच, की आधी वही कोरी होती, आता स्क्रीन कोरी आहे.

पावसाचं बोलायला हवं. जुलैत इथं लाईट जाते, रेंज जाते, कधी रस्ताही जातो. इंटरनेटशिवाय बिलच निघत नाही असं सॉफ्टवेअर घेतलं तर आषाढ-श्रावणात पुन्हा लाल वही. म्हणून रेंज नसतानाही चालणारं आणि रेंज आली की नोंदी वर चढवणारं घ्या. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या आपल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला आलं की उघडतात, कुणाला ओटीपी मागत नाहीत. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी आली की कोल्हापूरचा व्यापारी माल माळ्यावर चढवतो. २०१९ आणि २०२१च्या पुरांनी ते शिकवलं. पण पोती चढवताना खाली टेबलावरच्या संगणकात सहा वर्षांचा हिशेब तसाच राहतो. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचा असतो. पुराची सबब ऐकून घेतली जाईलही. उधारीवाले पाटील मात्र ती आनंदानं ऐकतील. रोजची एक प्रत दुकानाबाहेर गेली पाहिजे.

विक्रेत्याला शेवटचे दोन प्रश्न. सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची थांबवली तर माझी जुनी बिलं मला दिसतील का? आणि सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील का? विक्रेता 'शक्यतो' म्हणाला, तर चहा पाजून फोंड्याच्या एसटीत बसवून द्या.

आता निकाल. नोंदणी नाही, माल थोडा, उधारी जास्त : मोबाईलवरचं साधं ॲप, पण खर्चाच्या नोंदीसकट. नोंदणी आहे, बिलं रोजची : बिल काढणारं, साठा दाखवणारं, मराठी नावं छापणारं, मोबाईल आणि संगणक दोन्हीवर चालणारं. उलाढाल मोठी, माणसं हाताखाली : टॅलीसारखं, पण मालकांनी स्वतः महिनाभर शिकून. आणि घेण्याआधी एक महिना सवय म्हणून त्याच वहीत रोज तीन आकडे लिहा : आले किती, गेले किती, राहिले किती. महिना निघाला तर सॉफ्टवेअर घ्या. नाही निघाला तर पैसे वाचले.

तरीही पहिल्या महिन्याचा ताळेबंद जुळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. गल्ला कमी भरेल. भाच्यावर संशय जाईल, मग पोऱ्यावर, मग सॉफ्टवेअरवर. कुणावरही घेऊ नका. सकाळी चहाला काढलेले पन्नास, दुपारी पेट्रोलला दोनशे, घरी नेलेलं तेलाचं पाकीट, मुलीच्या फीला गल्ल्यातून उचललेले तीन हजार, हे कुठं लिहिलंत? मालकाची उचल नावाचं एक खातं असतं. दिवाणजी ते पहिल्या पानावर काढायचे. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्येही ते आहे, फक्त ते उघडायचं धाडस कुणी करत नाही. गावातल्या प्रत्येकाची बाकी ज्यांना तोंडपाठ, त्यांना स्वतःची बाकी ठाऊक नाही.

दुकानातला सगळ्यात मोठा उधारीवाला गल्ल्यामागंच बसलेला असतो. ॲप टाकलंत की गिऱ्हाइकांच्या यादीत पहिलं नाव त्याचं घाला, आणि आठवणीचा तो मेसेज महिन्याच्या महिन्याला त्यालाच जाऊ द्या. निदान तो तरी रागावून पलीकडच्या दुकानात जाणार नाही.